एका अवतरणचिन्हाने हरवणाऱ्या नोंदी : डेटाबेसचा बॅकअप आणि गोमंतकीय नावे

ग्वाल्हेर शहरातील फूलबाग परिसरात झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरच्या लढाईत त्यांना वीरमरण आले आणि त्यांचे स्मारक याच परिसरात उभे राहिले. ‘राणीची समाधी’ असे मराठीत लिहिताना ‘ची’ हा प्रत्यय नामाला चिकटतो आणि षष्ठीचा संबंध पूर्ण होतो. त्यासाठी कोणतेही चिन्ह लागत नाही. इंग्रजीत हाच संबंध दाखवायचा तर नामाच्या खांद्यावर एक छोटी उभी रेघ द्यावी लागते. तिला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. संगणकाच्या कळफलकावर अपॉस्ट्रॉफी आणि एकेरी अवतरणचिन्ह यांना एकच कळ आहे. संगणकाच्या आस्की या संकेतप्रणालीत दोन्हींचा क्रमांकही एकच, ३९.

एका चिन्हावर दोन कामे सोपवली की कधी ना कधी गफलत होते. डेटाबेसच्या बॅकअपमध्ये ती कशी होते आणि गोव्यासारख्या राज्यात तिचा उपद्रव अधिक का संभवतो, हे समजण्यासाठी फूलबागेचेच उदाहरण पुढे नेता येईल. देशातील स्मारकांची एक सूची डेटाबेसमध्ये आहे, असे समजू. तिच्यात एका रकान्यात मराठी नाव आहे, तर दुसऱ्या नोंदीत इंग्रजी वळणाचे.

बॅकअप फाईल म्हणजे आज्ञांची वही

बॅकअप म्हणजे माहितीची हुबेहूब छायाप्रत, असा सर्वसाधारण समज आहे. डेटाबेसच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. ‘डम्प’ या नावाने ओळखला जाणारा बॅकअपचा अतिशय प्रचलित प्रकार म्हणजे एक लांबलचक मजकूर असतो आणि त्या मजकुरात माहितीबरोबरच ती पुन्हा भरण्याच्या आज्ञाही असतात. या आज्ञा एसक्यूएल या भाषेत लिहिल्या जातात. आयबीएम कंपनीत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या भाषेचे हे विकसित रूप असून १९८६ मध्ये तिला अमेरिकी मानक म्हणून मान्यता मिळाली. रिस्टोअर करताना संगणक ही वही पहिल्या ओळीपासून वाचत जातो आणि प्रत्येक आज्ञा पार पाडतो.

आज्ञा कोठे संपते आणि माहिती कोठे सुरू होते, हे त्याला एकेरी अवतरणचिन्हावरून कळते. फूलबागेच्या दोन नोंदी देवनागरीत मांडल्या तर साधारण अशा दिसतील :

इन्सर्ट इन्टू स्मारके व्हॅल्यूज (१, 'राणीची समाधी', 'फूलबाग');
इन्सर्ट इन्टू स्मारके व्हॅल्यूज (२, 'राणी'ज समाधी', 'फूलबाग');

पहिल्या ओळीत चार चिन्हे आहेत. दोन उघडणारी, दोन मिटणारी. दुसऱ्या ओळीत पाच आहेत. संगणकाच्या दृष्टीने ‘राणी’ या शब्दाशीच मजकूर संपला. पुढचे ‘ज समाधी’ हे शब्द त्याला आज्ञेचा भाग वाटतात, मधला स्वल्पविराम माहिती वाटते, ‘फूलबाग’ पुन्हा आज्ञा ठरते आणि ओळीच्या शेवटचे चिन्ह एक नवा मजकूर उघडते. तो मिटवायला त्या ओळीत काहीच उरलेले नसते. आज्ञा संपल्याची खूण असलेला अर्धविरामही या न मिटलेल्या मजकुरात गडप होतो.

खरी हानी इथून पुढे सुरू होते. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या ओळीत चिन्हे सम संख्येतच असल्यामुळे ही उलथापालथ आपोआप सावरत नाही. आतले बाहेर आणि बाहेरचे आत, अशा अवस्थेत संगणक वाचत राहतो. पुढे केव्हातरी अपॉस्ट्रॉफी असलेले दुसरे नाव येते, पुन्हा एक विषम चिन्ह भर घालते आणि तोल सावरतो. तोवरचा सर्व मजकूर एकच आज्ञा म्हणून वाचला जातो आणि ती निरर्थक ठरून फेटाळली जाते. म्हणजे एखाद्या नामावलीत पहिल्या डि'सोझापासून दुसऱ्या डि'सोझापर्यंतच्या सर्व नोंदी जातात. मधले नाईक, गावकर, शेट आणि कामतही जातात. त्यांच्या नावांत काहीच खोट नसते. एखाद्या ओळीत स्वतःचे आणि वडिलांचे अशी दोन नावे अपॉस्ट्रॉफीची असतील, तर मात्र चिन्हांची संख्या सम होते आणि केवळ तेवढी एकच ओळ बाद होते. त्यामुळे किती नोंदी गेल्या याचा अंदाज अशा नावांच्या संख्येवरून बांधता येत नाही. तो त्यांच्यामधील अंतरावर ठरतो.

सुटकेचे दोन मार्ग

या पेचावर उपाय जुनाच आहे. मजकुरातले चिन्ह हे मजकुराचाच भाग आहे, हद्दीची खूण नव्हे, असे संगणकाला सांगायचे. तंत्रज्ञांच्या बोलीत याला ‘एस्केप करणे’ म्हणतात. एसक्यूएलच्या मानकानुसार त्यासाठी चिन्ह दोनदा लिहावे लागते : 'डि''सोझा'. दुसरी रीत चिन्हाआधी उलटी तिरपी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश देण्याची आहे : 'डि\'सोझा'. ही रीत युनिक्स आणि सी या भाषेच्या परंपरेतून आली आणि मायएसक्यूएल या डेटाबेसने ती पहिल्यापासून स्वीकारली.

दोन्ही रीती आपापल्या जागी निर्दोष आहेत. घोटाळा होतो तो लिहिणारा एक रीत मानतो आणि वाचणारा दुसरी, तेव्हा. मायएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅशचा हा अर्थ बंद करण्याची सोय आहे. एका सर्व्हरवर ती चालू आणि दुसऱ्यावर बंद असेल, तर एकाचा डम्प दुसऱ्यावर नीट वाचला जात नाही. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसने २०११ मध्ये आलेल्या ९.१ या आवृत्तीपासून साध्या मजकुरातल्या बॅकस्लॅशला विशेष अर्थ देणे मूलतः थांबवले. त्यापूर्वी हाताने लिहिलेल्या कित्येक स्क्रिप्ट त्यानंतर वेगळ्या वागू लागल्या. एसक्यूलाईटमध्ये, जो बहुतेक मोबाईलमध्ये असतो, बॅकस्लॅशला असे स्थानच नाही.

चिन्ह दोनदा एस्केप झाले तर नोंद हरवत नाही, नाव विद्रूप होते. पीएचपी या भाषेत येणाऱ्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी आपोआप बॅकस्लॅश घालणारी एक सोय होती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेही सावधगिरी म्हणून तेच केले की माहितीत बॅकस्लॅश कायमचा रुतून बसे. २०१२ मध्ये ५.४ या आवृत्तीत ती सोय काढून टाकण्यात आली, पण तोवर साठलेली माहिती तशीच राहिली. पावतीवर किंवा पत्रावर डि\'सोझा असे छापलेले नाव दिसते ते बहुधा अशाच एखाद्या दुहेरी सावधगिरीचे अपत्य असते.

गोव्यातील आडनावे

पोर्तुगीज भाषेत ‘दे’ हा संबंधदर्शक शब्द आडनावापूर्वी स्वतंत्रपणे लिहिला जातो. स्वरापूर्वी त्याचे आकुंचन होऊन अपॉस्ट्रॉफी येते. ‘सोझा’ किंवा ‘मेलो’ यांसारख्या व्यंजनाने सुरू होणाऱ्या आडनावांपूर्वी ती येण्याचे कारण नाही. डि'सोझा, डि'मेलो, डि'कॉस्टा, डि'सा ही लॅटिन लिपीतील रूपे इंग्रजी लेखनाच्या वळणाने रूढ झाली आणि गोव्याबरोबरच मुंबई, वसई, मंगळूर येथेही स्थिरावली. देवनागरीत मात्र या नावांतून चिन्ह गळून पडते. उस्मानाबाद येथे २०२० मध्ये झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव मराठीत सलग लिहिले जाते, इंग्रजीत त्यात अपॉस्ट्रॉफी असते. म्हणजे एकाच व्यक्तीची मराठी नोंद बॅकअपमधून सुखरूप परत येईल आणि इंग्रजी नोंद अडखळेल, अशी स्थिती.

संगणकाने या आडनावांना आणखी रूपे दिली. चिन्ह ठेवलेले, चिन्ह गाळून सलग केलेले, चिन्हाच्या जागी मोकळी जागा सोडलेले आणि ‘दे’ वेगळा लिहिलेले. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमानुसार अपॉस्ट्रॉफी गाळून पुढची-मागची अक्षरे जोडली जातात. तो नियम जाहीर आहे आणि सर्वत्र सारखा लागू होतो. बॅकअपमधल्या चुकीला असा कोणताच नियम नसतो. आज एका कार्यालयातील नोंद एका रूपात असेल, सर्व्हर बदलल्यानंतर दुसऱ्या रूपात असेल, आणि नावातील तफावतीचे स्पष्टीकरण देण्याची जबाबदारी प्रमाणपत्र घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसावर येते. त्याने काहीही बदललेले नसते.

या प्रश्नावर ‘नावातले चिन्हच काढून टाका’ असा उपाय अनेक अर्जांचे नमुने सुचवतात. विशेष चिन्हे वापरू नयेत, अशी तंबीही देतात. हा उपाय यंत्राच्या सोयीचा आहे. ज्याच्या जन्मदाखल्यावर ते चिन्ह आहे, त्याला मात्र आयुष्यभर दोन नावांनी वावरावे लागते.

मोबाईल आणि लेखनाची काही सॉफ्टवेअर सरळ अपॉस्ट्रॉफीऐवजी आपोआप वळणदार चिन्ह घालतात, हा आणखी एक गुंता. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक वेगळा असल्यामुळे ते एसक्यूएलच्या हद्दीला धक्का लावत नाही. बॅकअप सुखरूप राहतो, पण सरळ चिन्हाने शोधले की ती नोंद सापडत नाही.

फाँटच्या पडद्याआडचे चिन्ह

केवळ ख्रिस्ती आडनावांपुरता हा प्रश्न मर्यादित आहे असे वाटत असेल, तर पुन्हा ग्वाल्हेरकडे वळावे लागेल. युनिकोड रुळण्यापूर्वी देवनागरी टंकलेखनासाठी जे फाँट वापरात होते, त्यांपैकी बऱ्याच फाँटमध्ये लॅटिन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागीच देवनागरी आकार बसवलेले असत. हिंदी प्रदेशात दीर्घकाळ चाललेला कृतिदेव हा त्यांतला सर्वपरिचित. कृतिदेवमध्ये एकेरी अवतरणचिन्हाच्या जागी अर्धा ‘श’ आहे आणि दुहेरी अवतरणचिन्हाच्या जागी अर्धा ‘ष’. पुढे काना जोडला की अक्षर पूर्ण होते.

याचा अर्थ असा की, कृतिदेवमध्ये टंकलेल्या मजकुरात दिसणाऱ्या प्रत्येक ‘श’च्या पोटात एक एकेरी अवतरणचिन्ह असते. पडद्यावर ‘झाशी’ दिसते, डेटाबेसपर्यंत मात्र अवतरणचिन्ह पोहोचते. ग्वाल्हेरच्या राजघराण्याचे मराठी आडनाव ‘शिंदे’ या पद्धतीने टंकले की तेही डि'सोझाच्या पंक्तीला येऊन बसते. ‘विशेष’ या शब्दात तर एकेरी आणि दुहेरी अशी दोन्ही चिन्हे येतात. अशा माहितीचा बॅकअप घेणाऱ्याला पडद्यावर एकही अवतरणचिन्ह दिसत नाही, त्यामुळे दोष शोधावा कोठे हेच त्याला कळत नाही.

युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत हा धोका उरत नाही. तिथे देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाईटमध्ये साठवले जाते आणि त्यांतला कोणताही बाईट १२८ च्या खाली येत नाही. अवतरणचिन्ह ३९ वर आणि बॅकस्लॅश ९२ वर असल्यामुळे त्यांची गल्लत होऊ शकत नाही. जपानी आणि चिनी भाषांच्या जुन्या संकेतप्रणाली इतक्या सुदैवी नव्हत्या. जपानी ‘शिफ्ट-जिस’मध्ये काही अक्षरांचा दुसरा बाईट नेमका ९२ असतो. एक अख्खे अक्षर वाचण्याऐवजी बाईटगणिक वाचणारे साधन त्याला बॅकस्लॅश समजते. याच प्रकारच्या त्रुटीसाठी मे २००६ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएलला आपल्या चालू आवृत्त्यांमध्ये तातडीने सुधारणा कराव्या लागल्या होत्या.

नामांकित साधनांतील चुका

प्रस्थापित बॅकअप साधने वर दाखवलेली प्राथमिक चूक करत नाहीत. ती बहुधा कोणीतरी घाईने लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्टमध्ये आढळते. पोस्टग्रेएसक्यूएलचे ‘पीजी-डम्प’ हे साधन तर माहितीसाठी मूलतः वेगळीच रचना वापरते, ज्यात रकाने टॅबने विभागले जातात आणि एकेरी अवतरणचिन्हाला कोणताच विशेष अर्थ नसतो. तरीही या साधनांत चुका निघाल्या. माहितीतील चिन्हांची काळजी सर्वांनी घेतली होती. टेबलांच्या, डेटाबेसच्या आणि वापरकर्त्यांच्या नावांत कोणी विचित्र चिन्हे घालील, याची कल्पना पुरेशी केली गेली नव्हती.

डम्पमध्ये प्रत्येक टेबलापूर्वी माणसांच्या सोयीसाठी एक टीप लिहिली जाते. टीप त्या ओळीपुरतीच असते. टेबलाच्या नावातच नवी ओळ सुरू करणारे चिन्ह दडवले, तर नावाचा उरलेला भाग टिपेतून निसटून पुढच्या ओळीवर येतो आणि रिस्टोअर करताना आज्ञा म्हणून चालतो. पीजी-डम्पमधील ही त्रुटी २०१२ मध्ये दुरुस्त झाली. मायएसक्यूएलच्या डम्प साधनातील याच धर्तीची त्रुटी २०१७ मध्ये उघड झाली. दरम्यान ऑगस्ट २०१६ मध्ये दुहेरी अवतरणचिन्ह, बॅकस्लॅश वा नवी ओळ असलेली डेटाबेसची आणि वापरकर्त्यांची नावे पोस्टग्रेएसक्यूएलची काही साधने चुकीची हाताळतात, असे आढळून आले आणि तीही दुरुस्ती झाली.

पुढची हकिकत अधिक बोलकी आहे. २०१२ मध्ये बुजवलेले भोक २०२३ मधील ११.२० या आवृत्तीपासून पुन्हा उघडे पडले आणि ते दुसऱ्यांदा बुजायला १४ ऑगस्ट २०२५ उजाडले. या दिवशी जाहीर झालेल्या सीव्हीई-२०२५-८७१५ या नोंदीत तसे स्पष्ट म्हटले आहे. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला सीव्हीई-२०२५-१०९४ ही त्रुटी जाहीर झाली होती. अवतरणचिन्हे एस्केप करण्यासाठीच जी फंक्शन पुरवलेली आहेत, तीच मोडक्या यूटीएफ-८ बाईटपुढे फसत होती. बियाँडट्रस्ट कंपनीच्या दूरस्थ साहाय्य सॉफ्टवेअरमधील एका त्रुटीचा अभ्यास करताना रॅपिड सेव्हन या सुरक्षा संस्थेच्या संशोधकांना ती सापडली. तिच्यावरील दुरुस्तीतही उणीव राहिल्याने आठवडाभरातच दुसरी आवृत्ती द्यावी लागली.

चूक दिसते केव्हा

बॅकअप घेताना यांतले काहीच दिसत नाही. फाईल तयार होते, तिचा आकार योग्य वाटतो, ‘पूर्ण झाले’ असा संदेश येतो. चूक प्रकट होते ती रिस्टोअरच्या दिवशी, म्हणजे मूळ माहिती गेलेली असताना.

त्या दिवशीही साधनांचे स्वभाव भिन्न असतात. मायएसक्यूएलचे कमांड साधन पहिल्या चुकीपाशी थांबते. जबरदस्तीचा पर्याय दिला तरच पुढे जाते. पोस्टग्रेएसक्यूएलचे ‘पीएसक्यूएल’ नेमके उलट वागते. चुकीचा संदेश पडद्यावर टाकून ते पुढची आज्ञा घेते. हजारो ओळींच्या धावत्या पडद्यात तो संदेश वाहून जातो आणि शेवटी सारे सुरळीत पार पडल्यासारखे वाटते. चुकीपाशी थांबण्याची सूचना त्याला आधीच द्यावी लागते. मायएसक्यूएलचा डम्प मूलतः अनेक नोंदी एकाच आज्ञेत गुंफतो. त्यामुळे तेथे एका चिन्हाची चूक संपूर्ण गुंफणीला बाधते.

बॅकअप आहे या विश्वासावर राहण्याची किंमत काय असते, हे गिटलॅब या संस्थेने ३१ जानेवारी २०१७ रोजी जगजाहीर केले. तिथे कारण अवतरणचिन्हाचे नव्हते. पीजी-डम्पची जुनी आवृत्ती नव्या सर्व्हरवर चालवली जात होती आणि ती गुपचूप अपयशी ठरत होती. अपयशाची सूचना देणारे ई-मेलही पोहोचत नव्हते. एका कर्मचाऱ्याकडून चुकून मुख्य सर्व्हरवरील माहिती पुसली गेली, तेव्हा सुमारे सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली एक प्रत हाताशी होती म्हणून बाकीचे वाचले.

छोट्या संस्थेला, पंचायतीला, पतसंस्थेला किंवा शाळेला करता येण्याजोगी तपासणी फारशी खर्चिक नाही. ती जोडीला असलेल्या दुसऱ्या संगणकावर करावी, चालू सर्व्हरवर नव्हे. डम्प तिथे रिस्टोअर करून प्रत्येक टेबलातील नोंदींची संख्या मूळ संख्येशी ताडावी. त्यानंतर अपॉस्ट्रॉफी असलेली नावे मुद्दाम शोधावीत आणि त्यांच्या मागच्या-पुढच्या काही नोंदीही पाहाव्यात, कारण हरवण्याचा धोका शेजाऱ्यांनाही असतो. बॅकस्लॅश असलेली आणि चिन्ह दोनदा आलेली नावे वेगळी शोधावीत. ती सापडली तर कोणत्या टप्प्यावर दुहेरी एस्केप होते, ते संगणक पुरवठादाराला विचारता येते. जुन्या फाँटमधील माहिती असल्यास ती आधी युनिकोडमध्ये आणावी. डम्प घेताना आणि परत भरताना संकेतप्रणाली एकच असल्याची खात्री करावी आणि डम्प घेणाऱ्या साधनाची आवृत्ती सर्व्हरपेक्षा जुनी नसावी. स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये नाव आज्ञेत चिकटवण्याऐवजी आज्ञा आणि माहिती स्वतंत्रपणे पाठवण्याची जी पद्धत प्रत्येक आधुनिक डेटाबेस देतो, ती वापरली तर अवतरणचिन्हाचा प्रश्नच उद्भवत नाही.

चाचणीसाठी काही बनावट नोंदी कायम ठेवण्याची प्रथाही उपयुक्त आहे. एक डि'सोझा, एक नाव बॅकस्लॅशचे, एक वळणदार चिन्हाचे, एक दुहेरी अवतरणाचे आणि ज्यांच्याकडे कृतिदेवमधील जुनी माहिती आहे त्यांनी त्या फाँटमधला एक शिंदे. दर महिन्याच्या रिस्टोअरनंतर या पाच नोंदी आणि त्यांच्यानंतरची प्रत्येकी एक, अशा दहा ओळी अक्षरशः ताडून पाहायला काही मिनिटे लागतात.